पोती थोडी की थोडीच?
(इंग्रजी व्यापारी पत्रांतील परिमाणवाचक शब्द आणि उपपदे यांविषयी)

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा कडधान्यांच्या बाजाराविषयी अथवा साठवणुकीविषयी आम्ही काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयांवर आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे सभासद आपल्यांत आहेत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि पुढील सारे आयुष्य बेळगावात घाऊक धान्याच्या गादीवर काढलेले. इंग्रजी भाषेविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार तो कोणता, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर एवढेच की, त्या भाषेतील एका अक्षरापायी आम्ही रोख रक्कम मोजली आहे. आणि ज्या वस्तूची किंमत मोजली तिच्याविषयी बोलण्याचा हक्क व्यापाऱ्यास असतोच.

बेळगावच्या व्यापाऱ्यास एका भाषेवर भागविता येत नाही. सांगली-कोल्हापूरच्या पेढ्यांशी आमचा व्यवहार मराठीत चालतो, हुबळी-गदगकडे कानडीत चालतो, आणि गोव्याचे गिऱ्हाईक मराठी व कोकणी दोन्हींत बोलते. मात्र बँक, विमा कंपनी, आंध्रातील गिरणीवाले, दूरदेशीचे दलाल यांच्याशी लेखी बोलावयाचे म्हटले की इंग्रजीवाचून चालत नाही. बोलण्यात चूक झाली तर ती तेथल्या तेथे निस्तरता येते. लिहिलेले मात्र दुसऱ्याच्या फायलीत जाऊन बसते, आणि प्रसंगी आपल्याच विरुद्ध साक्ष देते.

अशी साक्ष आमच्या विरुद्ध १९९४ च्या जुलै महिन्यात पडली. गंगावतीकडून आमचा तांदूळ ट्रकने येत होता. एक क्विंटलाचे एक याप्रमाणे शंभर पोती होती. वाटेत ताडपत्री फाटली आणि मुसळधार पावसात काही माल भिजला. मालाचा विमा उतरविलेला होता. हमाल पोती उतरवीत असतानाच आम्ही विमा कंपनीस पत्र लिहावयास घेतले. भिजलेली पोती अद्याप मोजून वेगळी व्हावयाची होती, म्हणून आकडा न घालता आम्ही मोठ्या सावधपणे लिहिले, 'फ्यू बॅग्ज वेअर डॅमेज्ड बाय रेन.' काही पोती पावसाने खराब झाली, एवढेच आम्हांस म्हणावयाचे होते. रात्री मोजदाद झाली तेव्हा ती तेवीस भरली.

आठ दिवसांनी उत्तर आले. आपल्याच पत्राप्रमाणे नुकसान झालेली पोती नगण्य आहेत, सबब पाहणीसाठी माणूस पाठविण्याचे प्रयोजन दिसत नाही, असा त्याचा आशय होता. आम्ही संतापलो, दुसरे पत्र लिहिले, तिसरे लिहिले. पाहणी करणारा गृहस्थ आला तो एकोणिसाव्या दिवशी. तोवर भिजलेल्या तांदळास बुरशी लागून वास सुटला होता, आणि बाकीच्या मालास उपद्रव होऊ नये म्हणून तो आम्ही मिळेल त्या भावाने गुरांच्या खाद्यासाठी काढून टाकला होता. त्या गृहस्थास दाखवावयास आमच्याकडे रिकाम्या गोणींखेरीज काही उरले नव्हते. सुमारे नऊ हजार रुपयांची ठोकर बसली.

आमच्या गल्लीत इंग्रजीचे एक सेवानिवृत्त शिक्षक राहत असत. त्यांच्याकडे आम्ही तो सारा पत्रव्यवहार घेऊन गेलो, तो विमा कंपनीची तक्रार करण्याच्या हेतूने. त्यांनी आमचेच पत्र दोनदा वाचले आणि चष्मा काढून म्हणाले, "अण्णा, त्यांनी तुमचे म्हणणे अक्षरशः मानले आहे. तुम्ही 'थोडी पोती' लिहावयास गेलात आणि 'थोडीच पोती' लिहून बसलात."

"मास्तर, 'फ्यू' म्हणजे थोडी नव्हे काय?"

"'अ फ्यू' म्हणजे थोडी. नुसते 'फ्यू' म्हणजे थोडीच. जवळजवळ नाहीतच म्हणा ना."

त्या एका 'अ'ची उकल करण्यात पुढे कित्येक रविवार गेले. मास्तर आता हयात नाहीत. त्यांच्याकडून जे शिकलो आणि पुढे स्वतःच्या पत्रव्यवहारात जे पारखून घेतले, तेच येथे मांडीत आहोत.

शाळेत आपण उपपदे शिकलो ती अशी, की स्वरापूर्वी 'ॲन', व्यंजनापूर्वी 'अ', आणि एखादी वस्तू विशिष्ट असल्यास 'द'. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी घरी गिरविली त्यांस याहून पुष्कळ अधिक ठाऊक असेल; परंतु आमच्यासारख्यांच्या डोक्यात स्वर-व्यंजनाचा नियम तेवढा राहिला आणि उपपद ही केवळ उच्चाराची सोय आहे, असा ग्रह होऊन बसला. मराठीत उपपद हा शब्दवर्ग नाही, हे खरे. परंतु उपपदे जे काम करतात ते काम मराठीत होत नाही असे मुळीच नव्हे. घरातील आजी कहाणी सांगताना प्रथम 'एक राजा' म्हणते आणि पुढच्याच वाक्यात 'त्या राजाला' म्हणते. ऐकणाऱ्या पोरास राजा नवा होता तोवर 'एक', ओळखीचा झाला की 'तो'. इंग्रजीतील 'अ' हा मूळ 'एक' या अर्थाच्या शब्दापासूनच झिजून आला आहे, आणि 'द' हा 'तो, ती, ते' दाखविणाऱ्या सर्वनामांच्या कुळातील आहे. फरक इतकाच की आजी हे शब्द जरूर तेथे वापरते, आणि इंग्रज मनुष्य ते गाळू शकत नाही.

आता पुन्हा त्या 'फ्यू'कडे वळू. मराठीत 'थोडी पोती भिजली' म्हणणारा नुकसान सांगतो; 'थोडीच पोती भिजली' म्हणणारा समाधान सांगतो. पोती दोघांचीही तेवढीच असू शकतील. एकाची नजर जे आहे त्यावर आहे, दुसऱ्याची जे नाही त्यावर. आपला 'च' जो भेद दाखवितो तोच इंग्रजी माणूस 'अ' ठेवून वा गाळून दाखवितो. एवढे लक्षात ठेवले तर 'फ्यू' आणि 'लिटल' या दोन्ही शब्दांचा उलगडा होतो. 'देअर इज अ लिटल मॉइश्चर इन द राइस' म्हणजे तांदळात थोडा ओलावा आहे, ही तक्रार झाली. 'देअर इज लिटल मॉइश्चर' म्हणजे ओलावा नाहीच म्हणा, ही प्रशंसा झाली. विकणाऱ्याने पहिले लिहिले तर स्वतःचा भाव पाडून घेईल, आणि घेणाऱ्याने दुसरे लिहिले तर त्याची तक्रार कोणी ऐकून घेणार नाही.

'द फ्यू' असाही प्रयोग होतो. 'द फ्यू बॅग्ज दॅट वेअर ड्राय' म्हणजे जी काय थोडकी पोती कोरडी होती ती, आणि तेवढी सगळी. याखेरीज दोन फसवे प्रयोग सांगून ठेवतो. 'ओन्ली अ फ्यू' यात 'अ' असूनही अर्थ 'थोडीच' असा होतो, कारण 'ओन्ली' हा आपला 'च'च आहे. याच्या अगदी उलट 'क्वाइट अ फ्यू'. हे ऐकताना 'अगदी थोडी' असे वाटते. अर्थ मात्र 'बरीचशी' असा आहे. एका दलालाच्या पत्रातील 'क्वाइट अ फ्यू बॅग्ज आर टॉर्न' हे वाचून आम्ही निश्चिंत झालो होतो. माल उतरवून घेतला तेव्हा फाटकी पोती निवडण्यापेक्षा धड पोती निवडणे सोपे गेले.

'फ्यू' मोजता येणाऱ्या वस्तूंस लागते आणि 'लिटल' राशीस, हे सर्वांस ठाऊक आहे. धान्याच्या व्यापाऱ्यास मात्र येथे एक अडचण येते. इंग्रजीत राइस, व्हीट, बार्ली, मेझ ही राशीवाचक नामे आहेत. पण पीज, बीन्स, लेंटिल्स, चिकपीज ही अनेकवचनी. त्यामुळे 'अ लिटल राइस' शुद्ध, आणि 'अ लिटल लेंटिल्स' अशुद्ध. तेथे 'अ स्मॉल क्वांटिटी ऑफ लेंटिल्स' म्हणावे. यात तर्क शोधू नये. मसुरीचा दाणा तांदळापेक्षा मोजावयास सोपा आहे असे थोडेच आहे! आपल्याकडेही घरात बायका 'तांदूळ निवडले' म्हणतात, तर दुकानात आपण 'तांदूळ आला' म्हणतो. वाटाण्याची हकीकत तर मौजेची आहे. पूर्वी इंग्रजीत 'पीज' हा शब्द एकवचनी, राशीवाचक होता. शेवटच्या ध्वनीमुळे लोकांस तो अनेकवचनी भासू लागला आणि सतराव्या शतकात त्यातून 'पी' असे एकवचन नव्याने निघाले. म्हणजे एका गैरसमजातून एक दाणा जन्मास आला.

आता 'द'कडे येऊ, कारण व्यापारात खरी गफलत तेथे होते. आमच्या मते परिमाणवाचक शब्दांनंतर येणाऱ्या 'ऑफ' या शब्दाची दोन कामे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. पहिले काम मापाचे होय. 'टेन बॅग्ज ऑफ राइस' म्हणजे तांदळाची दहा पोती. येथे माल कोणता ते सांगितले; कोठला ते सांगितले नाही. म्हणून राइसपूर्वी उपपद नाही. दुसरे काम वाटणीचे. 'टेन ऑफ द बॅग्ज' म्हणजे त्या पोत्यांपैकी दहा. येथे एक ठरावीक ढीग दोघांसही ठाऊक आहे आणि त्यातून दहा वेगळी काढली. म्हणून 'द' आलेच पाहिजे.

मराठी माणसास यासाठी व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागत नाही. मनातल्या मनात वाक्य मराठीत म्हणून पाहावे. 'तांदळाची पोती' असे 'ची' येत असेल तर 'ऑफ'नंतर काही नको. 'पोत्यांपैकी', 'मालापैकी' असे 'पैकी' येत असेल तर 'ऑफ'नंतर 'द' हवे, किंवा 'द'च्या जागी 'दीज', 'अवर', 'युअर' यांसारखा निश्चय करणारा दुसरा शब्द हवा. सम, मेनी, मोस्ट, सेव्हरल, फ्यू, तसेच नुसते आकडे आणि शेकडेवारी, सर्वांस हाच नियम. 'सम ऑफ बॅग्ज', 'मोस्ट ऑफ राइस', 'टेन पर्सेंट ऑफ बॅग्ज' हे प्रयोग आपल्या बाजारातील पत्रांत सर्रास आढळतात. ते तिन्ही चूक आहेत. कारण मनात 'पैकी' आहे आणि कागदावर 'द' नाही. 'मोस्ट राइस' असे 'ऑफ' गाळूनही म्हणता येते, पण मग अर्थ 'जगातील बहुतेक तांदूळ' असा पसरतो. आपल्या गोदामातील बहुतेक तांदूळ जुना आहे असे सांगावयाचे असेल, तर 'मोस्ट ऑफ द राइस' असेच लिहिले पाहिजे. 'ऑल'चेही तसेच. 'ऑल बॅग्ज मस्ट बी वेइड' ही गोदामाच्या दारावर लावावयाची सूचना झाली, सदासर्वकाळ लागू असणारी. 'ऑल द बॅग्ज हॅव बीन वेइड' हे आज आलेल्या मालाविषयी झाले.

आणखी एक. 'वन ऑफ द'नंतर 'बॅग' असे एकवचन लिहिण्याची चूक तर चांगले पदवीधरही करतात. पुष्कळांपैकी एक असते, एकापैकी एक नसते, म्हणून 'बॅग्ज'.

या 'द'ची किंमत आम्ही २००७ साली मोजली. कलबुर्गीकडील एका गिरणीस आम्ही तूरडाळीच्या पन्नास किलोच्या तीनशे पोत्यांची मागणी दिली होती. दोनशे आली, शंभर राहिली. मध्यंतरी क्विंटलमागे दोनशे रुपयांनी भाव चढला. आम्ही फॅक्स केला, 'प्लीज सेंड हंड्रेड बॅग्ज ॲट द अर्लिएस्ट.' माल आला, आणि सोबत बिल आले ते चढ्या दराने. आम्ही दूरध्वनीवर भांडलो. गिरणीवाल्यांचे म्हणणे असे पडले की, तुम्ही बाकीची शंभर मागितली असे कागदावर कोठे आहे? शंभर पोती पाठवा, एवढेच आहे. ती आम्ही नवी मागणी समजलो. पन्नास क्विंटलांवर दहा हजारांचा फरक होता. अखेर तो निम्मानिम्मा वाटून घेतला. आज विचार करता वाटते, गिरणीवाल्यांनी निम्मे सोडले हा त्यांचा चांगुलपणा. कागद त्यांच्या बाजूचा होता. 'सेंड द रिमेनिंग हंड्रेड बॅग्ज' एवढे लिहिले असते तर तक्रारीस जागाच नव्हती. किंबहुना नुसते 'द हंड्रेड बॅग्ज' लिहिले असते तरी, 'जी शंभर आपणां दोघांस ठाऊक आहेत ती', असा अर्थ निघाला असता.

येथे एक इशारा देणे अवश्य वाटते. आपल्या बाजारात 'रेस्ट फिफ्टी बॅग्ज', 'बॅलन्स फिफ्टी बॅग्ज' असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. आपसांत तो समजतो, म्हणून त्यास हसण्याचे कारण नाही. पण शुद्ध प्रयोग 'द रिमेनिंग फिफ्टी बॅग्ज' किंवा 'द रेस्ट ऑफ द बॅग्ज' हा होय, आणि दोन्हींत 'द' अपरिहार्य आहे, कारण उरलेले हे नेहमी ठरलेल्यातूनच उरते. उलटपक्षी, जेथे समोरच्यास काहीच ठाऊक नाही तेथे 'द' घातल्याने तो गोंधळतो. 'वुई हॅव डिस्पॅच्ड द फिफ्टी बॅग्ज' असे पत्र आले की वाचणारा आपली मागणीवही चाळू लागतो, कोणती पन्नास म्हणून.

'नंबर', 'टोटल' आणि 'क्वांटिटी' यांविषयी थोडक्यात सांगतो. 'अ नंबर ऑफ बॅग्ज' म्हणजे बरीच पोती, म्हणून पुढील क्रियापद अनेकवचनी. 'द नंबर ऑफ बॅग्ज' म्हणजे पोत्यांची संख्या, आणि ती एकच असते, म्हणून क्रियापद एकवचनी. 'अ टोटल ऑफ टू हंड्रेड बॅग्ज वेअर रिसीव्ह्ड', परंतु 'द टोटल वॉज टू हंड्रेड'. तद्वत 'अ लार्ज क्वांटिटी ऑफ व्हीट' हे वर्णन, तर 'द क्वांटिटी ऑफ व्हीट रिसीव्ह्ड' हा वजनकाट्यावरील आकडा.

आकड्यांपूर्वीच्या 'एक'ची गंमत आमच्या ध्यानात फार उशिरा आली. मराठीत आपण 'एक शंभर पोती पाठवा' किंवा 'शंभरएक पोती' म्हणतो तेव्हा अर्थ 'सुमारे शंभर' असा असतो. दोनचार इकडेतिकडे झाली तरी चालतील. म्हणजे आपला 'एक' आकडा सैल करतो. इंग्रजीतील 'वन' हा त्याच्या उलट, आकडा घट्ट करतो. 'अ हंड्रेड बॅग्ज' हे बोलण्यातले, मोकळेपणाचे. 'वन हंड्रेड बॅग्ज' म्हणजे बरोबर शंभर, नव्याण्णव नव्हेत आणि एकशे एकही नव्हेत. म्हणून धनादेशावर, करारपत्रात, हुंडीवर 'वन हंड्रेड', 'वन लाख' लिहावे, तेथे 'अ' नको. ज्यास 'शंभरएक' म्हणावयाचे आहे त्याने 'अबाउट अ हंड्रेड बॅग्ज' लिहावे. 'वन हंड्रेड' लिहून मागाहून सवलत मागू नये. शिवाय 'अ हंड्रेड अँड फिफ्टी' चालते, पण आकडा हजारांनी सुरू झाला की मधल्या शतकास 'अ' लावीत नाहीत. तीन हजार एकशे पन्नास म्हणजे 'थ्री थाउजंड वन हंड्रेड अँड फिफ्टी'.

डझनाचेही शंभराप्रमाणेच. 'अ डझन बॅग्ज', मध्ये 'ऑफ' नाही. परंतु 'पैकी' मनात असेल तर 'अ डझन ऑफ द बॅग्ज'.

अपूर्णांकांच्या बाबतीत मात्र मराठीचा अभिमान वाटावा अशी स्थिती आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे एकेका शब्दाचे काम करण्यास इंग्रजीत चार-चार शब्दांची रांग लावावी लागते, आणि त्या रांगेत 'अ' कोठे उभा राहतो हे पाहणे मोठे गमतीचे आहे. अर्धा क्विंटल म्हणजे 'हाफ अ क्विंटल'; येथे 'अ' हा 'हाफ'च्या मागे जातो. पाऊण म्हणजे 'थ्री क्वार्टर्स ऑफ अ क्विंटल'. सव्वा म्हणजे 'अ क्विंटल अँड अ क्वार्टर', दोनदा 'अ'. दीड दोन प्रकारे सांगता येतो, 'अ क्विंटल अँड अ हाफ' किंवा 'वन अँड अ हाफ क्विंटल्स'. दुसऱ्या प्रकारात क्विंटल अनेकवचनी होतो याकडे लक्ष असावे. अडीच म्हणजे 'टू अँड अ हाफ क्विंटल्स'. 'टू अँड हाफ' हे आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेले आहे आणि ते सदोष आहे. 'हाफ'पूर्वीचा 'अ' गिळला जातो तो आपल्या 'अडीच'च्या सवयीमुळेच असावा. तेच 'हाफ' एखाद्या ठरलेल्या मालाचे असेल तर पुढे 'द' येते. 'हाफ द राइस' म्हणजे त्या तांदळातील निम्मा. दुपटीतही 'द' मागाहून येते, 'डबल द रेट', 'ट्वाइस द क्वांटिटी'. 'द डबल रेट' म्हणू नये.

दराच्या भाषेत 'अ'चे निराळे रूप दिसते. 'फॉर्टी रुपीज अ किलो' यातील 'अ' म्हणजे 'दर'. वास्तविक 'ट्वाइस अ डे' अशा प्रयोगातील 'अ' हा मुळात उपपद नव्हताच. 'ऑन' या अव्ययाचे ते झिजलेले रूप होते, आणि पुढे लोकांनी त्यास उपपद मानले. 'पर' हा शब्दही तेच काम करतो, म्हणून दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. 'पर किलो' म्हणा किंवा 'अ किलो' म्हणा. 'पर अ किलो' म्हणजे एका मालावर दोनदा दलाली. विक्रीची पद्धत सांगताना मात्र 'द' येते. 'वुई सेल राइस बाय द क्विंटल' म्हणजे आम्ही क्विंटलाच्या हिशेबाने विकतो. 'बाय द किलो', 'बाय द बॅग', 'बाय द डझन' हे सारे असेच. परंतु 'बाय वेट' म्हणताना, म्हणजे वजनावर विकतो असे सांगताना, काहीच नको. 'इन बल्क', 'इन बॅग्ज' यांसही नको. एकक असेल तर 'द', नुसती रीत असेल तर काही नाही, अशी खूण आम्ही स्वतःपुरती ठरविली आहे. जाता जाता, 'क्विंटल' हा शब्द इंग्रजांचा घरचा नव्हे. तो अरबी 'किंतार'पासून युरोपात गेला आणि 'किंतार'चे मूळ पुन्हा लॅटिनमधील शंभर या शब्दात आहे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मण आणि शेर हळूहळू दुकानांतून गेले व हा क्विंटल आला. तो आपल्याप्रमाणेच अनेक पेठा फिरून आलेला व्यापारी आहे.

आपल्या मार्केट यार्डात रोज ऐकू येणारा 'लॉट' हा शब्द विशेष जपून वापरावा लागतो. 'अ लॉट ऑफ राइस' याचा सर्वसामान्य अर्थ 'पुष्कळ तांदूळ'. आपल्या मनात मात्र 'तांदळाचा एक लॉट' असतो. 'वुई हॅव अ लॉट ऑफ राइस टु सेल' असे परगावच्या दलालास कळविणारा मनुष्य, आपल्याकडे माल पडून आहे असे स्वतःच जाहीर करतो, आणि मग दर पाडून मागितला जातो. 'वन लॉट ऑफ वन हंड्रेड अँड ट्वेंटी बॅग्ज' असे आकड्यानिशी लिहावे. 'द लॉट' म्हणजे तो अमुक लॉट, किंवा बोलण्यात 'सगळेच्या सगळे'. 'वुई विल टेक द लॉट' असे कोणी म्हणाला तर तो सर्व माल उचलतो आहे, हे ओळखावे. आणि लॉटास क्रमांक असेल तर उपपद नको. 'लॉट नंबर सेव्हन', 'द लॉट नंबर सेव्हन' नव्हे.

आमच्या दुकानात हल्ली पत्रे टंकलिखित होत नाहीत. मुले आणि पुतणे मोबाइलवर दोन ओळी लिहून मोकळे होतात, 'फ्यू बॅग्ज शॉर्ट', 'सेंड बॅलन्स'. घाईत उपपदे गाळण्याची रीतच पडली आहे आणि मित्रामित्रांत ती खपते. परंतु आम्ही घरात एक शिस्त घातली आहे. तूट, नुकसान, बाकी आणि दर या चार बाबतींत निरोप जाण्यापूर्वी तो सूनबाईंनी वाचावयाचा. त्या इंग्रजी घेऊन पदवीधर झाल्या आहेत. शक्य तेथे आकडाच घालावा, हा त्यांचा आग्रह. तेवीस पोती भिजली असतील तर 'ट्वेंटी-थ्री ऑफ द बॅग्ज' लिहा, मग 'फ्यू' आणि 'अ फ्यू'चा प्रश्नच उरत नाही, असे त्या म्हणतात. १९९४ साली आम्हांस हे सुचले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

त्यांनीच दाखवून दिलेली एक चूक येथे नोंदवून ठेवतो. आकडा अंकात लिहिला की त्यापूर्वी 'अ' की 'ॲन' हे डोळ्यांस कळत नाही, कारण अंकात स्वर दिसत नाही. तो उच्चारून पाहावा लागतो. ८, ११, १८ आणि ८० ते ८९ यांचे इंग्रजी उच्चार स्वराने सुरू होतात. म्हणून 'ॲन एटी-किलो बॅग', 'ॲन एटीन-टन ट्रक', 'ॲन इलेव्हन-बॅग शॉर्टेज'. याउलट 'वन' हा शब्द लिहिताना स्वराने सुरू होतो, पण उच्चारताना 'व' येतो. म्हणून 'अ वन-टन लोड', 'ॲन' नव्हे. आणि अशा जोडशब्दांत किलो, टन, बॅग हे एकवचनीच राहतात. 'एटी किलोज' हे वजन झाले, 'ॲन एटी-किलो बॅग' हे पोते झाले.